शेवटपर्यंत गुरूपाशीं

(ज्युबिलीच्या सभेंत झालेलें भाषण)



आजच्या मंगल दिवशीं आपण ह्या धर्मग्रामासाठीं झटलेल्या धर्मगुरूंचीं नांवें कृतज्ञतेनें घेत आहों, व तें योग्यच आहे. परंतु त्या प्रत्येक नांवामागें आणखी कांहीं नांवें उभीं असतात, आणि तीं कोणी दगडावर कोरीत नाहीं. देवळाची घंटा वाजविणारा, मिस्सेच्या वेळीं वेदीशीं सेवा करणारा, मुलांना धर्मप्रश्नोत्तरें शिकविणारा, आजारी फादरच्या उशाशीं रात्र काढणारा, अशीं तीं माणसें. त्यांच्या स्मरणार्थ मी आज अंतोनियो नांवाच्या एका चिनी तरुणाची हकीकत सांगणार आहें.

संत पौलानें बंदिवासांतून तिमथीला धाडलेल्या पत्रांत, देमास आपणांस सोडून गेला व एकटा लूकच जवळ उरला, असें कळविलें आहे. गुरूच्या वैभवकाळीं शिष्यांना तोटा नसतो. पडत्या काळीं मात्र ते मोजावे लागतात. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अंतकाळींही असेंच घडलें.

झेवियर हे स्वतः आधीं निष्ठावंत शिष्य होते. सोबत्यांच्या पत्रांतील सह्या कापून घेऊन त्या ते आपल्या अंगावर बाळगीत. त्यांच्या मृत्यूनंतर गळ्यांतील लहानशा डबींत त्यांचे गुरु संत इग्नाशियस यांची सही सांपडली. ज्याला शिष्य होतां आलें, त्यालाच पुढें शिष्य लाभला.

अंतोनियोचें शिक्षण गोव्याच्या संत पॉल कॉलेजांत झालें होतें. १५५२ च्या एप्रिलांत तो झेवियर यांच्याबरोबर गोव्याहून निघाला. ऑगस्टच्या अखेरीस ते चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर पोहोंचले. चीन त्या वेळीं परकीयांस बंद होता. मिरीच्या मोबदल्यांत गुप्तपणें कँटनला नेण्याचें एका चिनी व्यापाऱ्यानें कबूल केलें होतें. पण तो आलाच नाहीं. व्यापाराचा हंगाम संपत आला, गलबतें एकामागून एक निघून गेलीं. येशूसंघाचा एकही बंधु आतां जवळ राहिला नव्हता. बेटावर उरली ती थंडी, उपासमार आणि एक झोंपडी.

२१ नोव्हेंबरला झेवियर तापानें पडले. त्यांना गलबतावर नेलें, परंतु लाटांच्या हेलकाव्यांनीं प्रकृति अधिकच बिघडली व दुसऱ्याच दिवशीं परत आणावें लागलें. तापाच्या भरांत ते अंतोनियोला न समजणाऱ्या भाषेंत बोलूं लागले. गुरूचे शब्द कळत नव्हते, तरी शिष्य उशाशीं बसून होता. ३ डिसेंबरच्या पहांटेपूर्वीं अंत जवळ आलेला पाहून त्यानें त्यांच्या हातांत जळती मेणबत्ती दिली. प्रभूचें नांव घेत शेचाळीस वर्षांच्या त्या महापुरुषानें देह ठेविला.

दफनाला अवघीं चार माणसें होतीं! पुढें अस्थि हिंदुस्थानांत नेतां याव्यात म्हणून पेटींत चुना भरला होता. पण १५५३ च्या फेब्रुवारींत थडगें उघडलें तों देह जसाच्या तसा आढळला. तो मलाक्कामार्गें १५५४ च्या मार्चांत गोव्यास आला, तेव्हां सारें शहर दर्शनाला लोटलें. त्या शेवटच्या दिवसांची हकीकत अंतोनियोनें पुढें फादर मॅन्युएल तेशेरा यांना लिहून कळविली. तो तेथें नसता, तर त्या झोंपडींतील मरणाविषयीं आपणांस काय कळलें असतें?

बंधुभगिनींनो, १६२२ सालीं झेवियर वेदीवर चढले. अंतोनियोच्या नांवें कोठें सण होत नाहीं. त्यानें कोणता चमत्कार केला नाहीं, मोठें प्रवचन केलें नाहीं. तो केवळ उठून गेला नाहीं. आणि हेंच फार कठीण आहे. यशस्वी गुरूच्या मागें चालणें पुष्कळांना साधतें. पण ज्याचा बेत फसला, ज्याच्यापासून आतां कांहीं मिळण्यासारखें नाहीं, त्याच्या उशाशीं बसणें प्रेमावांचून साधत नाहीं.

आतां आपणच आपणांस विचारावें. ज्यांनीं आपला बाप्तिस्मा केला, पहिलें कम्युनियन दिलें, लग्नें लावलीं, त्यांची बदली झाल्यावर आपण किती वेळां समाचार घेतला? सणाच्या दिवशीं हारतुरे घालणारे आपण, त्यांच्या म्हातारपणीं त्यांच्या दारीं गेलों काय? आणि ज्या वृद्ध धर्मशिक्षकानें आपणांस क्रुसाची खूण करावयास शिकविलें, तो हयात असेल तर त्याच्या घरीं आज ज्युबिलीचें गोडधोड पोहोंचलें आहे काय?

गुरुनिष्ठा म्हणजे व्यक्तिपूजा नव्हे. खरा गुरु स्वतःकडे नव्हे, तर प्रभु येशूकडे बोट दाखवितो; म्हणून त्याची सेवा प्रभूच्याच खातीं जमा होते. क्रुसाखालीं थोडींच माणसें उभीं होतीं. प्रभूनें आपली माता त्यांच्यांतील एका शिष्याच्या स्वाधीन केली, कारण तो तेथें हजर होता.

ह्या ज्युबिलीच्या निमित्तानें आपल्या धर्मग्रामांत असे हजर राहणारे शिष्य निर्माण होवोत, अशी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या मध्यस्थीनें प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.