शिबिरातील ढाळ आणि आचाऱ्याचा खाडा



आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि गेटसभांत. तरी आज रोगावर बोलणार आहोत, कारण एका मे महिन्यात याच तालुक्यात आमच्या हातून चूक झाली आणि ती एका पोराच्या जिवावर बेतली.

कामगारांच्या मुलांचे शिबिर होते. साठ मुले, शाळेच्या वर्गांत वस्ती, विहीर आटलेली, पाणी टँकरचे. तिसऱ्या रात्री दोघांना वांत्या झाल्या. आम्ही म्हटले, ऊन बाधले असेल. खरे सांगायचे तर बोभाटा नको होता. पालक मुले घेऊन जातील ही धास्ती. सकाळपर्यंत अकरा जण आडवे झाले. एकाचे डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली, लघवी बंद, चिमटीत धरलेली कातडी जागेवर जाईना. त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेले. सलाईनवर तो वाचला.

मग जे केले ते पहिल्याच रात्री करायला हवे होते. आजाऱ्यांचा वर्ग निराळा, संडास निराळा. पिंपात पेला बुडवणे बंद. लांब दांड्याचे ओगराळे आले. पाणी उकळूनच. ओकारी पडे तिथे ब्लीचिंग पावडरचे पाणी. हात साबणानेच, कारण नोरोव्हायरस नावाचा उलट्यांचा विषाणू बाटलीतल्या जंतुनाशकाला फारसा जुमानत नाही. पालकांनाही कळवले. (दोघेच आले हो न्यायला!)

आणि पाजत राहिलो. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ; तयार पुडी मिळाली तर तीच बरी. साखर आतड्यातून मीठ आणि पाणी आत ओढून नेते. याला क्षुल्लक समजू नका. १९७१ साली बंगालात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचे पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्याच हातून रोग्यांना पाजवले. शंभरात तीसच्या आसपास दगावत होते, ते चाराच्या आत आले.

सगळे टँकरवाल्याच्या नावाने बोटे मोडत होते, आम्हीही. दुपारी आचारी चुलीपाशी हळूच म्हणाला, "भाऊ, माझंच पोट चार दिवस बिघडलंय."

"मग आलास कशाला?"

"खाडा पडला असता ना."

त्याच्याच हातून पसरले असे छातीठोक सांगता येणार नाही. पण आम्ही मात्र गप्प झालो. १९४८ च्या कायद्याने कारखान्यातल्या विमेदार कामगाराला आजारपणात भत्ता मिळू लागला. त्यासाठी आम्ही किती कचेऱ्या झिजवल्या! आणि आमच्याच शिबिरात आचारी रोजंदारीवर, गैरहजर राहिला की मजुरी नाही. हा करार आम्हीच केलेला.

ढाळ थांबल्यावर पुरते ४८ तास त्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही, मजुरी चालू, असे ठरले. खजिनदारांनी विचारले, हा खर्च कोणत्या खात्यात घालू? आम्ही औषधपाण्याच्या खात्यात घालायला सांगितले.