एक अबोल दुखणे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आजचा विषय कार्यकारिणीपुढे आला, तेव्हा दोघा वडीलधाऱ्या सभासदांनी ‘कुटुंबीयांसमोर हे शोभेल काय?’ अशी पृच्छा केली. शंका स्वाभाविक होती. परंतु र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू करून असे विषय उघडपणे मांडले, त्यास शतक होत आले. आपल्या घरांत मात्र लिंगशैथिल्य हा शब्द अद्याप उच्चारला जात नाही. आणि मूल होत नाही म्हणून बोल लागतो तो सुनेला.

उत्थान हे मुख्यतः रक्ताभिसरणाचे कार्य आहे. मन उद्दीपित झाले की मज्जातंतूंची टोके व रक्तवाहिन्यांचे अस्तर यांतून नायट्रिक ऑक्साइड स्रवतो, धमन्या सैलावतात आणि रक्त भरते. या धमन्यांचा व्यास एक ते दोन मिलिमीटर, तर हृदयाच्या धमन्यांचा तीन-चार. साहजिकच धमन्या अरुंद होऊ लागल्या की बाधा प्रथम येथे जाणवते. हृदयाची तक्रार पुष्कळदा दोन ते पाच वर्षांनी येते. म्हणून ज्याला हा त्रास जडला, त्याने आधी रक्तदाब, रक्तातील साखर व चरबी तपासून घ्यावी. रक्तदाबावरील काही औषधांनीही हा दोष उद्भवतो. तथापि ती आपल्या मनाने बंद करू नयेत, वैद्यांस विचारावे.

पहाटे जागे होताना उत्थान होत असेल, तर शरीरयंत्र बहुधा शाबूत असून चिंता हे कारण असते. एकदा अपयश आले की पुढच्या वेळी तेच भय मनात बसते. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७० साली यावर जो उपाय सांगितला, तो ऐकून पुष्कळांस हसू येते : काही काळ समागम कटाक्षाने वर्ज्य करावा व पतिपत्नींनी केवळ स्पर्शसुख घ्यावे. परीक्षाच नसल्याने भय ओसरते. अर्थात यास पत्नीशी बोलावे लागते, आणि आपले गाडे तेथेच अडते.

शरीराच्या बाजूने म्हणाल, तर इटलीत ११० स्थूल पुरुषांवर झालेला प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी दोन वर्षे मिताहार व व्यायाम पाळला, त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश पुरुषांची शक्ती पूर्ववत झाली. इंग्लंडात ५५ पुरुषांना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम शिकविला. सहा महिन्यांनी ४० टक्के बरे झाले. अपानवायू रोखताना जे स्नायू आवळतात, तेच हे. अश्विनीमुद्रा ज्यांना ठाऊक आहे, त्यांस ही क्रिया परकी वाटणार नाही. धूम्रपान मात्र सोडलेच पाहिजे. तेथे तडजोड नाही.

‘धातू जातो’ या भयावर पोट भरणाऱ्या भोंदूंविषयी एकच सांगतो. ‘निव्वळ वनस्पती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत सिल्डेनाफिल मिसळलेले अनेकदा आढळले आहे. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याने ती गोळी घेतली, तर रक्तदाब एकाएकी घसरून प्राणावर बेतते.

दाराशी एक पेटी ठेविली आहे. प्रश्न चिठ्ठीवर लिहून, नाव न घालता, तीत टाकावेत, भगिनींनीही टाकावेत. भोजनोत्तर मी येथेच बसून उत्तरे देईन.