साखळीची कडी आणि कामगाराची सुरक्षा



लखनौची ओळख सामान्यतः इमामबाडा आणि चिकनकारी यांवरून करून दिली जाते. भारतीय रेल्वेच्या दृष्टीने मात्र हे महत्त्वाचे औद्योगिक केंद्र आहे. चारबाग येथे इंजिनांच्या, तर आलमबाग येथे डब्यांच्या दुरुस्तीचा कारखाना उभा राहिला. रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संघटना 1957 मध्ये याच शहरात स्थापन झाली. तिच्या परिसराचे नावच मानकनगर आहे. अशा कारखान्यांत चाके, बोगी, मोटारी यांसारखी अवजड ओझी क्रेनने उचलावी लागतात. क्रेन कितीही सामर्थ्यवान असली तरी तिला ओझ्याशी जोडणारा दुवा बहुधा साखळीची स्लिंग असते आणि ती अडकवणारा हात कामगाराचा असतो. रेल्वेत हे काम परंपरेने खलाशी करीत आले.

हे काम केवळ अंगबळाचे नाही; त्यामागे गणित आहे. 4 टनांचे ओझे दोन पदरी स्लिंगने उचलायचे आहे असे समजू. दोन्ही पदर सरळ उभे असतील तर प्रत्येकावर 2 टन ताण येतो. पदरांमधील कोन 60 अंश झाला की तो सुमारे 2.3 टन, 90 अंशांवर 2.8 टन आणि 120 अंशांवर तब्बल 4 टन होतो. ओझे तेच राहते. साखळीवरील ताण मात्र दुप्पट होतो. म्हणूनच आखूड साखळी ताणून बसवण्यापेक्षा लांब साखळी घेणे श्रेयस्कर. चार पदरी स्लिंगमध्येही ओझे कडक असल्यास चारही पदर समान भार घेतील याची खात्री नसते.

साखळी लावण्यापूर्वी ओझ्याचे वजन व गुरुत्वमध्य जाणून घ्यावा लागतो. स्लिंगच्या पट्टीवर नोंदवलेला सुरक्षित कार्यभार वाचावा लागतो. वाकलेली, चिरलेली, झिजलेली वा लांबलेली कडी दिसताच ती साखळी कामातून बाजूला काढली पाहिजे. साखळीला गाठ मारून किंवा बोल्ट घालून ती आखूड करू नये. पीळ राहू देऊ नये. धारदार कडेवर मऊ आधार द्यावा. भार हुकाच्या टोकावर नव्हे, तर त्याच्या खोलगट भागात बसला पाहिजे. प्रथम ओझे जमिनीपासून काही सेंटिमीटर उचलून तोल पाहावा. क्रेनचालकाला इशारा एकाच व्यक्तीने द्यावा. थांबण्याचा इशारा मात्र कोणीही दिला तरी तो पाळलाच पाहिजे. टांगलेल्या ओझ्याखाली कोणीही उभे राहू नये.

कायद्यानेही या विषयाची दखल घेतली. कारखाना अधिनियम, 1948 च्या कलम 29 नुसार उचलण्याची यंत्रे, साखळ्या व दोर यांची सक्षम व्यक्तीकडून किमान 12 महिन्यांतून एकदा कसून तपासणी आणि सुरक्षित कार्यभाराची नोंद बंधनकारक करण्यात आली. त्या अधिनियमासह अनेक कामगार कायदे एकत्र करणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. कामाच्या न्याय्य व मानवी परिस्थितीची तरतूद राज्याने करावी, असे राज्यघटनेचा अनुच्छेद 42 सांगतो. या तरतुदींचा उगम त्या तत्त्वात पाहता येतो.

तथापि वार्षिक तपासणी आणि आजची पाळी यांमध्ये मोठे अंतर असते. काल सुस्थितीत असलेली कडी आज चिरू शकते आणि ती प्रथम दिसते ती साखळी हाताळणाऱ्यालाच. तो कंत्राटी असेल, त्याला प्रशिक्षण मिळाले नसेल किंवा काम थांबवल्यास रोजगार जाईल अशी भीती त्याला वाटत असेल, तर उत्तम मानकही कागदावरच राहते. त्यामुळे ओझे बांधण्याच्या कामाला कौशल्य म्हणून मान्यता, कामगाराच्या भाषेत प्रशिक्षण आणि शंका येताच काम थांबवण्याचा निर्भय अधिकार या तीन गोष्टी आवश्यक ठरतात. औद्योगिक विकासाचे मोजमाप करताना उत्पादनाच्या आकड्यांबरोबरच पाळी संपल्यावर सुखरूप घरी परतणाऱ्या कामगाराचाही विचार व्हायला हवा.