धाप लागते? मग हातही पाहा
(महिला मेळाव्यातील भाषण)



मेळघाटात घरभेटीला गेले की 'चढण चढवत नाही, दम लागतो' ही तक्रार हमखास ऐकू येते. रक्त कमी असेल, टीबी असेल, असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते खरेही असते. म्हणून रक्त आणि बेडका आधी तपासलाच पाहिजे. पण त्यातून काही निघाले नाही, तर त्या बाईचे हात पाहा.

स्क्लेरोडर्मा या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. तो स्त्रियांत जास्त आढळतो. कातडी ताठ होते. थंडीत बोटे पांढरी, मग निळी पडतात. चिखलदऱ्याच्या हिवाळ्यात हे सहज नजरेत येईल. अशा सुमारे १० रुग्णांपैकी एकाच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्या अरुंद होऊन तिथला दाब वाढतो. ल्युपसमध्येही असे होऊ शकते. रक्त पुढे ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू थकते. धाप लागते, पाय सुजतात, चक्कर येते. दंडाला पट्टा बांधून मोजलेला बीपी मात्र नॉर्मल असू शकतो, कारण हा दाब वेगळा आहे.

पहिली तपासणी म्हणजे हृदयाची टू-डी इको. स्क्लेरोडर्मा असेल तर धाप नसतानाही ती दरवर्षी करावी. पक्के निदान हृदयात नळी घालून दाब मोजल्यावर होते. सिल्डेनाफिल, बोसेंटन यांसारख्या औषधांनी दम कमी होतो, आजाराचा वेग मंदावतो. आजार मुळापासून जात नाही. गर्भारपण मात्र अशा बाईच्या जिवावर बेतू शकते. हे तिच्या नवऱ्याला आणि सासूलाही समजावून सांगा.

धारणीहून अमरावती सुमारे १५० किलोमीटर. मजुरी बुडते, भाडे लागते, सोबतीला माणूस लागतो. कोरकू बाई आधी भुमकाकडे जाते, कारण तो जवळ असतो. बारा वर्षे आजारी असलेली स्त्री गर्दीतून पुढे आली, तेव्हा प्रभू वाटेत थांबला. आपणही थांबू या.

अमरावती-अकोल्याच्या प्रत्येक मंडळीला माझी विनंती आहे: एका रुग्णाच्या वर्षाच्या तपासणीचा प्रवासखर्च उचला आणि दवाखान्याच्या रांगेत तिच्याबरोबर उभी राहील अशी एक बहीण द्या. पैशाइतकीच त्या सोबतीची गरज आहे.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.