पन्नास आयएसओची फिल्म आणि पळसदेवचा दगड

भिगवणला पहाटेच्या होडीत बसलेल्या छायाचित्रकाराच्या हाती पन्नास आयएसओची काळी-पांढरी फिल्म देणे म्हणजे त्याच्यावर सूडच उगवणे. सूर्य जेमतेम वर आलेला, लेन्स ३०० मिलिमीटरची, छिद्र एफ ५.६ पर्यंत उघडलेले. एवढे करूनही शटर १/३० सेकंदाच्या आसपासच रेंगाळते. उडत्या रोहित पक्ष्याचे (फ्लेमिंगोचे) पंख गोठवायला १/१००० तरी हवा. समजा जमलेच, तरी पंखांवरचा तो प्रसिद्ध गुलाबी रंग फिकट राखाडीच उमटणार.

बारामती तालुक्यात सुप्याला तीच गत. १९९७ साली घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. चिंकारा तिथे दिसते, पण तिचा तांबूस पिवळा रंग आणि माळावरचे वाळलेले गवत काळ्या-पांढऱ्या फिल्मवर एकाच छटेत विरघळतात. कान तेवढे सापडतात.

मग ही मंद फिल्म, तीही पडद्यावर दाखवायची स्लाइड करण्यासाठी, न्यायची कुठे? याच परिसरात तिला साजेसा विषय आहे आणि तो एप्रिल-मे महिन्यांत पाण्याबाहेर येतो. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्यातले जुने पळसदेव जलाशयात गेले. पाणी खूप ओसरले की तिथले पळसनाथाचे मंदिर उघडे पडते. कोरीव खांब, वीरगळ, सतीशिळा, वर्षानुवर्षे गाळात राहून खरखरीत झालेला दगड. हा विषय उडून जात नाही. कॅमेरा तिवईवर लावावा आणि ऊन तिरपे होईपर्यंत थांबावे. भरदुपारी मात्र शिखर आणि गाभारा एका फ्रेममध्ये घेण्याचा हट्ट धरू नये. दोन्हींतला उजेडाचा फरक कुठलीच स्लाइड पेलत नाही.

निगेटिव्ह चूक पोटात घालते, स्लाइड घालत नाही. अर्धा स्टॉप जास्त झाला की उजळ भागातला तपशील जातो आणि उरते कोरी फिल्म. म्हणून मोजमाप उन्हातल्या दगडाचे करायचे. सावली काळी पडली तर पडू द्यायची.

इल्फर्डची पॅन एफ प्लस ५० आयएसओची. तिची स्लाइड करायची रीत अशी. पहिला डेव्हलपर तीव्र, त्यात थोडा हायपो. २० अंशांना साधारण १२ मिनिटे. इथवर फिल्मवर निगेटिव्हच असते. पुढे ती फिक्स न करता ब्लीचमध्ये टाकतात: पोटॅशियम परमँगनेट, तेच जांभळे औषध जे विहिरीत टाकतात, आणि सल्फ्युरिक आम्ल. दोन्ही द्रावणे वेगळी ठेवून ऐनवेळी मिसळायची, कारण मिश्रण टिकत नाही. (आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही.) तयार झालेली चांदी यात विरघळते आणि फिल्मवर तपकिरी डाग राहतो. तो मेटाबायसल्फाइटने जातो. आता दिवा लावून पाहिले तर फिल्म सायीसारखी पांढुरकी दिसते, चित्र जवळजवळ नाहीच. उरलेल्या क्षारांना त्याच दिव्याचा भरपूर उजेड द्यायचा, दुसऱ्या डेव्हलपरमध्ये सोडायचे, की त्या पांढुरकेपणातून काळा रंग चढू लागतो. सावल्या सावल्यांच्या जागी. शेवटी फिक्सर आणि धुणे.

यात एक फायदा फुकट मिळतो. उजेड आधी पकडतात ते मोठे, संवेदनशील कण. ब्लीचमध्ये तेच निघून जातात. चित्र बनते मागे राहिलेल्या बारीक कणांचे.

निगेटिव्ह स्कॅन करून उलटी केली तर काय बिघडले, हा प्रश्न हमखास येतो. काही बिघडत नाही. पण चांगल्या कागदावर पांढऱ्या-काळ्यात साधारण शंभर-सव्वाशे पटींचा फरक मिळतो, तर स्लाइडवर तो हजार पटींपर्यंत जाऊ शकतो. पडद्यावरच्या प्रकाशाची भूल आपल्याकडे जुनीच आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९२ च्या सुमारास हाताने रंगवलेल्या काचांचे ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ दाखवू लागले, तेव्हा सिनेमा अजून यायचा होता.

इंदापुरात खरी अडचण रसायनांची नाही, पाण्याची. मे महिन्यात नळाचे पाणी तिशी गाठते आणि परमँगनेटच्या ब्लीचमध्ये आधीच मऊ पडलेले जिलेटिन गरम पाण्यात सुटू लागते. म्हणून टाकी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोअरचे जड पाणी सुकताना पांढरे ठिपके सोडते. पडद्यावर ते वाटाण्याएवढे दिसतात. शेवटचे खळबळणे गॅरेजवर मिळणाऱ्या बॅटरीच्या पाण्याने करावे. वापरलेल्या ब्लीचमध्ये चांदी उतरलेली असते आणि विरघळलेली चांदी माशांना घातक, तेव्हा ते मोरीत न ओतता कॅनमध्ये साठवावे आणि घातक कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावे.