बोर्डावरची अक्षरे

बेंगळुरूच्या सदर पत्रप्पा रस्त्यावर, ज्याला सारे एस. पी. रोड म्हणतात, सुटा भाग मागणाऱ्याने आधी बोर्ड वाचलेला असावा. 'आर' म्हणजे रेझिस्टर, 'सी' कपॅसिटर, 'डी' डायोड, 'क्यू' ट्रान्झिस्टर, 'एफ' फ्यूज. पॉवर सप्लायचा फ्यूज जळालेला दिसताच नवा घालण्याची घाई होते (विद्यार्थ्यांचा हा दोष जुनाच!), पण तो का जळाला, हे बहुधा शेजारचे डायोड आणि ट्रान्झिस्टर तपासल्यावरच कळते. मोठ्या कपॅसिटरला मात्र मल्टिमीटर लावल्यावाचून स्पर्श करू नये. घरातील २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब एकदिश झाला की त्यात सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तेथेच असू शकतात.