'करण्यात आले' म्हणजे कोणी केले?
(अध्यक्षीय भाषण)



माझ्या भाषणाचा विषय कळल्यावर जिल्ह्यातल्या काही मान्यवरांनी कपाळाला आठ्या घातल्या. कापसाच्या जिल्ह्यात, साहित्याच्या व्यासपीठावरून, वैमानिकांच्या नोकऱ्यांची उठाठेव कशाला, असा त्यांचा सवाल आहे. जानेवारी 2019 मध्ये याच यवतमाळात अखिल भारतीय संमेलन भरले, एका लेखिकेला दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले, तेव्हा ज्यांचा निषेधाची एक ओळ लिहायला हात धजला नाही, त्यांनी मला व्यासपीठाची मर्यादा शिकवू नये. निमंत्रण 'रद्द करण्यात आले' असे तेव्हा छापून आले होते. कोणी रद्द केले, हे नाव घेऊन सांगायला किती जण पुढे आले, ते तुम्हाला ठाऊक आहे. माझे भांडण त्या वाक्यरचनेशी आहे आणि ते जुने आहे.

कर्ता, कर्म, क्रियापद आपण प्राथमिक शाळेत शिकतो. मग मोठे होऊन 'कर्मचाऱ्यांना कमी करण्यात आले' असे लिहू लागतो. कमी झालेली माणसे दिसतात, कमी करणारा दिसत नाही. त्याच्या रिकाम्या जागेवर 'इंधन दरवाढीमुळे' हा शब्द आणून बसवला जातो. 'मुळे' हे साधे शब्दयोगी अव्यय, पण संचालक मंडळाने जे उत्तर द्यायचे ते आपल्या बातम्यांत हे अव्यय देते. आपल्या तालुक्यातालुक्यांतल्या वार्ताहरांना मी दोष देत नाही. ते कमी मानधनावर राबतात आणि मुंबईहून आलेला मजकूर पुढे पाठवतात. दोष ज्यांनी भाषेची राखण करायची त्यांचा, म्हणजे आपला आहे.

इंधनाचे हे कारण किती खरे, त्याचा आता पुरावा पाहा. 11 जुलै 2008 रोजी कच्चे तेल पिंपाला 147 डॉलरवर गेले. तेव्हाची आपली मोठी खासगी विमान कंपनी जेट एअरवेज. तिने कपात जाहीर केली ती ऑक्टोबरच्या मध्यावर, जेव्हा तेल उतरून जवळपास निम्म्यावर आले होते. सुमारे 1,900 माणसे एका फटक्यात घरी बसवली, त्यांत पुष्कळशी प्रोबेशनवरची तरुण मुले-मुली. गणवेश न उतरवता ती मुंबईच्या विमानतळाबाहेर उभी राहिली, राज ठाकरे यांच्याकडे गेली. महाराष्ट्रात जेटचे विमान उडू देणार नाही असा इशारा निघाला. आणि दुसऱ्या दिवशीच्या रात्री अध्यक्ष नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत घेत असल्याचे सांगितले. एका रात्रीत तेल स्वस्त झाले नव्हते, कंपनीचा तोटाही भरून निघाला नव्हता. बदलला तो एका माणसाचा निर्णय. जे दुसऱ्या दिवशी मागे घेता येते ते अस्मानी संकट नसते, ते सुलतानीच असते. राजकीय दडपणाखाली त्यांनी माघार घेतली, असे कोणी म्हणेल. खुशाल म्हणावे. दडपण माणसावर आणता येते, तेलाच्या पिंपावर नाही. माझा मुद्दा त्याने पक्काच होतो.

पुढचा हिशेब याहून स्पष्ट आहे. 2011 पासून 2014 च्या मध्यापर्यंत तेल बहुतेक काळ शंभर डॉलरच्या वर राहिले, त्या काळात जेट उडत होती. ती बंद पडली 17 एप्रिल 2019 रोजी, तेल सत्तरच्या आसपास असताना. अमृतसरहून निघालेले तिचे शेवटचे विमान मध्यरात्रीनंतर मुंबईत उतरले आणि सुमारे वीस हजार माणसांचा रोजगार थांबला. वैमानिकांचे पगार तर वर्षाच्या सुरुवातीपासूनच थकले होते. त्याच 2018-19 सालात, त्याच विमानतळांवर तेच तेल भरून इंडिगो थोडा का होईना नफा दाखवत होती. महागाई सगळ्यांना सारखी आणि बुडाला एकच, तेव्हा कारण महागाईच्या पलीकडे शोधावे लागते. 2007 मध्ये 1,450 कोटींना सहारा एअरलाइन्स विकत घेण्याचा निर्णय कॉकपिटमध्ये झाला नव्हता. कर्जावर कर्ज चढवणे, खर्च भरून निघणार नाही अशा दराने तिकिटे विकणे, ऑगस्ट 2018 मध्ये तिमाहीचे आकडे वेळेवर न मांडणे, यांतली एकही गोष्ट वैमानिकाच्या हातातली नव्हती. गोयल यांच्यावरचे बँक कर्जाचे प्रकरण न्यायालयात आहे. आरोप म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, म्हणून मी त्याचा आधार घेत नाही. मला त्याची गरजही नाही. किंगफिशरने 2012 मध्ये हेच केले, आधी पगार थांबवले आणि मग विमाने.

इंधन हे खरोखर मोठे ओझे आहे, हा आक्षेप मी टाळत नाही. आपल्याकडे विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा 35 ते 40 टक्के धरतात. जून 2022 मध्ये दिल्लीत त्याचा दर किलोलिटरला एक लाख 41 हजार रुपयांवर गेला होता. विमानाचे इंधन वस्तू व सेवा कराबाहेर आहे, प्रत्येक राज्य आपला कर लावते; महाराष्ट्राने मुंबई-पुण्यात तो वर्षानुवर्षे 25 टक्के ठेवला आणि 2023 च्या अर्थसंकल्पात 18 वर आणला. सरकारचा वाटा सरकारच्या पदरी घालावाच. पण ओझे आधीपासून माहीत होते. तेलाचे भाव चढतात-उतरतात हे ज्याला ठाऊक नाही त्याने विमान कंपनी काढू नये, आणि ठाऊक असून ज्याने तजवीज केली नाही त्याने पहिला घाव स्वतःच्या मानधनावर घालावा.

उलट, इंधन वाचवण्याची खरी झीज कोण सोसतो ते जवळून पाहा. उड्डाणाआधी वैमानिकासमोर इंधनाचा कागद येतो. मुक्कामापर्यंत लागेल ते, वाटेतल्या अडचणीसाठी थोडे, तिथे उतरता आले नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचे, आणि त्यावर हवेत घिरट्या घालायला अर्ध्या तासाचे. प्रत्येक जादा किलो वाहून न्यायला पुन्हा इंधन जळते, म्हणून कंपनीला तो किलो खुपतो. जिथे कर कमी तिथे जास्त भरून घ्यायचे, उतरल्यावर एकच इंजिन चालू ठेवून थांब्यापर्यंत जायचे, हेही त्यानेच करायचे. मागे दीडशे-पावणेदोनशे माणसे बसलेली, पुढे पावसाळी ढग, आणि किती तेल पुरे याचा निकाल त्याच्या सहीवर. किलोकिलोचा जाब त्याला विचारतात. कोट्यवधींचा जाब विचारायची वेळ आली की वाक्यातून कर्ताच गायब होतो.

वैमानिक लाखांनी पगार घेतात, त्यांच्यासाठी कशाला रडायचे, हा आक्षेप मला सर्वांत जास्त ऐकू येतो. पहिले उत्तर असे, की कपातीत वैमानिकाबरोबर सामान चढवणारा हमाल आणि तिकीट खिडकीवरची मुलगीही जाते. दुसरे उत्तर कायद्याचे आहे. 2017 च्या नियमाप्रमाणे नोकरी सोडायची तर कॅप्टनने एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यायची. कंपनी मात्र एका रात्रीत दारे लावू शकते. औद्योगिक विवाद कायद्यात कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याची जी तरतूद होती ती कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरती होती, विमान कंपन्यांना ती लागू नव्हती. दिवाळखोरीच्या कायद्यात 'कामगारा'ची 24 महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीला बसते, इतर कर्मचाऱ्यांची 12 महिन्यांची आणि तीही खालच्या पायरीवर. जेटच्या माणसांनी भविष्यनिर्वाह निधी आणि उपदानासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडून आदेश मिळवला. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच न्यायालयाला कंपनी मोडीत काढण्याचा निकाल द्यावा लागला. आणि संघटना करावी, तर 2009 मध्ये संघटना बांधण्यात पुढे असलेल्या दोघा वैमानिकांना जेटने काढले होते. शेकडो सहकारी एकाच वेळी आजारपणाच्या रजेवर गेले, पाच दिवस वेळापत्रक कोलमडले, तेव्हा कुठे समझोता झाला. शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, देशाला हव्या असलेल्या माणसाची ही गत असेल तर जिनिंगमधल्या हंगामी मजुराची काय असेल, याचा विचार आठ्या घालणाऱ्यांनी करावा.

आणि यवतमाळाचा संबंध विचारता? 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणे काय सांगितली गेली? झाडे उंच वाढल्यामुळे, हवा दमट असल्यामुळे, मजुरांनी हातमोजे न घातल्यामुळे. सगळी 'मुळे'. औषध कोणी विकले, कोणी मंजूर केले, देखरेख कोणाची होती, ही नावे वाक्यात आली नाहीत. भारी गावाजवळची आपली धावपट्टी पाहा. 2009 मध्ये नांदेड, लातूर, बारामती, धाराशिव यांच्यासह ती रिलायन्स समूहातल्या एका कंपनीकडे 95 वर्षांच्या कराराने गेली, आणि विमानाची वाट पाहण्यात आपली वर्षे गेली. शकुंतला रेल्वे तर इंग्रजांच्या काळातल्या कंपनीच्या मालकीखाली शतकभर धावून थांबली, तिच्या रुळांवर आज गवत आहे. या दोन्हींबद्दल मी लिहीत आलो आहे आणि लिहीत राहीन, कारण धागा एकच आहे: मालकाचा करार 95 वर्षांचा आणि राबणाऱ्याचा एका रात्रीचा. आपल्याकडे सालगड्याचा सौदा पाडव्याला ठरे तो वर्षाचा. त्यात पिळवणूक होती, ती झाकायची नाही. पण पाऊस दडला म्हणून भर भाद्रपदात गड्याला घरी बसवणाऱ्याला गाव नावे ठेवीत असे. नाव ठेवायला नाव माहीत असावे लागते.

म्हणून खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडत आहे. इंधनाचे कारण देऊन माणसे काढणाऱ्या कंपनीने त्याच दिवशी मागील 3 वर्षांचा इंधनखर्च, कर्जाचे हप्ते आणि संचालकांचे मानधन शेजारी शेजारी मांडून जाहीर करावे. निर्णयावर सही करणाऱ्यांची नावे त्या पत्रकात असावीत. आणि थकलेल्या पगाराच्या बाबतीत वैमानिक, हवाई सेविका, हमाल असा भेद न करता सर्वांना कामगारांच्या पंक्तीत घ्यावे. दुसरा भाग आपल्यापुरता आहे: आपल्या संस्थेच्या कोणत्याही प्रकाशनात नोकरकपातीविषयी कर्ता नसलेले वाक्य छापले जाणार नाही. मसुदा कार्यवाहांकडे दिला आहे. ज्यांना विरोध करायचा असेल त्यांनी दुपारच्या सत्रात उभे राहून, स्वतःचे नाव सांगून करावा. इतिवृत्तात 'विरोध करण्यात आला' असे वाक्य आले, तर त्याखाली मी सही करणार नाही.